शिंजीर की हॉकमॉथ? इंदूरच्या बागांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा उतरणीला लागला की विचारणा सुरू होते. सोबत सहा सेकंदांचा धूसर व्हिडिओ आणि एकच वाक्य: "बघा, आमच्याकडे हमिंगबर्ड आला!" त्या व्हिडिओत कधी जांभळा शिंजीर असतो, बहुतेक वेळा हॉकमॉथ जातीचा पतंग. एक गाणारा पक्षी, दुसरा कीटक. दोघांची गल्लत का होते, ती कशी टाळायची आणि आपल्या अंगणात दोघांनाही कसं राखायचं, हे खाली आहे.

इंदुरात हमिंगबर्ड येतो का?

नाही. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतच राहतात. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी ते युरोपातही होते. जर्मनीत मिळालेल्या त्यांच्या जीवाश्मांची नोंद 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. आज मात्र भारतात एकही रानटी हमिंगबर्ड नाही. वाट चुकून आला असेल, ही शंकाही सोडून द्या.

मग मला दिसलं ते काय?

दोन संशयित आहेत.

पहिला जांभळा शिंजीर, म्हणजे माळी ज्याला शक्करखोरा म्हणतात तोच. शास्त्रीय नाव सिन्निरिस एशियाटिकस. लांबी जेमतेम 10 सेंटीमीटर, वजन साधारण 5 ते 10 ग्रॅम. विणीच्या काळातला नर लांबून काळा दिसतो, पण उन्हात वळला की जांभळा-निळा चमकतो. मादी वरून मातकट हिरवी, खालून पिवळी. चोच बारीक आणि खाली वाकलेली.

दुसरा हॉकमॉथ. दिवसाउजेडी दिसणाऱ्यांपैकी सहज ओळखता येणारा म्हणजे पारदर्शक पंखांचा, सेफोनोडिस हायलस. अंग शेवाळी हिरवं, पोटावर गडद तांबूस पट्टा, टोकाला काळा झुपका, आणि पंख काचेसारखे. त्याचाच भाईबंद मॅक्रोग्लोसम गटातला तपकिरी पतंग. याचे मागचे पंख पिवळे-नारिंगी असतात आणि ते उडतानाच चमकून जातात. पंख पसरले तरी हे पतंग साधारण 4 ते 7 सेंटीमीटरच भरतात.

पण ते दोन सेकंदांत गेलं! एवढ्यात ओळखायचं कसं?

रंगाच्या मागे लागू नका, उन्हात रंग फसवतो. एकच गोष्ट पाहा: ते फुलापाशी बसलं की लटकलं?

शिंजीर बसतो. देठ, फांदी, शेजारची तार, जे मिळेल ते पायांत पकडतो आणि मान लांबवून, प्रसंगी उलटा लटकून चोच फुलात घालतो. क्षणभर हवेत फडफडेल, पण तेवढंच. हॉकमॉथ बसत नाही. फुलासमोर हवेत थांबतो, फार तर पुढचे पाय पाकळीला टेकवतो, एका फुलावर दोन-तीन सेकंद घालवून पुढच्यावर सरकतो. घाणेरीचा एक गुच्छ तो मिनिटभरात उरकतो आणि एकदाही टेकत नाही.

तेवढ्यात दुसरी खूण मिळाली तर तोंडाकडे बघा. चोच कडक असते आणि ती गुंडाळता येत नाही. पतंगाची सोंड फुलापासून दूर होताच घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाते. डोक्यावर दोन जाडसर शृंगिका दिसल्या तर विषयच संपला, पक्ष्याला त्या नसतात. आणि ज्याला लोक "शेपटीची पिसं" म्हणतात, तो पतंगाच्या पोटाच्या टोकाचा केसाळ खवल्यांचा झुपका असतो. पंख्यासारखा पसरून तो हवेत तोल सांभाळायला कामी येतो.

आकाराचा अंदाज हमखास चुकतो. भिरभिरणारी वस्तू डोळ्यांना मोठी वाटते. त्यामुळे "चिमणीएवढं होतं" या साक्षीवर आम्ही फारसा भरवसा ठेवत नाही.

मोबाइलच्या व्हिडिओत पंख दिसतच नाहीत. काय करू?

या गटातला सर्वांत जास्त अभ्यासलेला पतंग मॅक्रोग्लोसम स्टेलाटारम. तो सेकंदाला 70 ते 80 वेळा पंख मारतो. साधा व्हिडिओ सेकंदाला 30 चित्रं टिपतो, म्हणजे एका चित्रात दोनहून जास्त फडफडी कोंबल्या जातात. पंखांच्या जागी धूर दिसणारच. मोबाइलमध्ये सेकंदाला 240 चित्रांचा स्लो मोशन असेल तर तो लावा. एका फडफडीची तीनेक चित्रं मिळतात, ओळखायला तेवढी पुरतात. कॅमेऱ्यावर शटर 1/2000 किंवा त्याहून वेगवान ठेवा. बसलेल्या शिंजिराला 1/500 पुरतं. मात्र तो सतत डोकं हलवतो, म्हणून सात-आठ फोटो सलग काढा.

पतंगाच्या मागे फिरण्यात अर्थ नाही. एक भरलेला गुच्छ निवडून त्यावर फोकस करून ठेवा आणि वाट पाहा, तो परत येतो.

पक्षी असून शिंजीर हवेत थांबू शकत नाही, आणि किडा थांबतो. असं का?

हमिंगबर्डच्या खांद्याची ठेवण अशी आहे की पंख खाली येताना आणि वर जाताना, दोन्ही वेळा उचल मिळते. शिंजिराचा खांदा इतर गाणाऱ्या पक्ष्यांसारखाच. त्याला मुख्य उचल मिळते ती पंख खाली येताना. हवेत थांबणं त्याला जमतं, पण महागात पडतं. शिवाय बसायला फांदी असताना उगाच दम का खर्च करायचा?

हॉकमॉथची गोष्ट निराळी. त्याचे पुढचे-मागचे पंख एका बारीक काट्याने अडकलेले असतात, त्यामुळे चार पंख दोनासारखे चालतात. छातीचे स्नायू जबरदस्त, पण ते तापल्याशिवाय चालत नाहीत. गारठ्यात बसलेला हॉकमॉथ जागच्या जागी पंख थरथरवताना दिसतो, तो आजारी नसतो किंवा मरतही नसतो. इंजिन गरम करत असतो. त्याला पाणी पाजायला किंवा उचलून "मोकळं" सोडायला जाऊ नका.

दोघांच्या सवयी जुळतात त्या नात्याने नव्हे, धंद्याने. नळीसारख्या फुलाच्या तळाशी मकरंद आहे आणि तो काढायला लांब, बारीक काहीतरी हवं. पक्ष्यात ते चोच आणि जिभेतून घडलं, पतंगात सोंडेतून. हमिंगबर्डशी शिंजिराचंही जवळचं नातं नाही. हमिंगबर्ड हे पाकोळ्यांचे नातलग.

दोघंही मकरंदच पितात ना?

पूर्ण वाढलेला पतंग मकरंदच पितो. शिंजीर मात्र कोळी, माश्या, लहान अळ्याही खातो आणि पिल्लांना तर प्रामुख्याने किडेच भरवतो. कारण साधं आहे: मकरंदात साखर भरपूर, प्रथिनं नावापुरती. बागेतला प्रत्येक किडा मारून टाकला तर फुलं कितीही लावा, पिल्लं जगणार नाहीत.

पिण्याची तऱ्हाही वेगळी. शिंजिराची जीभ नळीसारखी वळलेली आणि टोकाला चिरलेली असते. पतंगाची सोंड म्हणजे दोन अर्धनळ्या. कोशातून बाहेर आल्यावर पहिल्या काही मिनिटांत तो त्या एकमेकींत अडकवून पूर्ण नळी करतो. या वेळी त्याला हात लावला, पाणी पडलं किंवा मुंग्यांनी छळलं तर नळी नीट जुळत नाही, आणि असा पतंग धडधाकट दिसूनही उपाशी मरतो.

पक्षी येतात त्या फुलांत मकरंद पातळ असतो, साखर साधारण 20 ते 25 टक्के.

शिंजीर फुलाच्या बुडाशी भोक पाडतो. रोग आहे का?

चोरी आहे. नळी फार लांब असली की तो बाजूने भोक पाडून मकरंद काढतो. जास्वंदीवर हे नेहमी दिसतं. अशा भेटीत परागकण हलत नाहीत, पण झाडाचं नुकसान नगण्य. भोकं बघून औषध फवारू नका.

गातो कोण?

फक्त शिंजीर. नर उघड्या टोकावर किंवा केबलच्या तारेवर बसून चिवचिवाटाची भरभर लड लावतो. एवढ्याशा जिवाच्या मानाने आवाज मोठा. पतंगाचा "घूं" हा निव्वळ पंखांचा आवाज. कान जवळ नेला तरच तो ऐकू येतो.

कधी आणि कुठे शोधायचं?

शिंजीर वर्षभर असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये चोरलकडच्या रानात पळस फुलला की तिकडे जा, एका झाडावर चार-चार नर भांडताना सापडतील. शहरात रेसिडेन्सीच्या भागातले जुने बंगले, नेहरू पार्क, सिरपूर तलावाचा काठ, रालामंडल, कुठेही. सकाळी लवकर गेलेलं बरं.

दिवसा उडणाऱ्या हॉकमॉथसाठी जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतचे दिवस चांगले. पावसाने पालवी फुटते, अळ्यांना खायला मिळतं, त्यामागून पतंग येतात. वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यानंतरची. ढगाळ दिवस असेल तर दुपारीही. मे महिन्यात पारा 40 अंशांपार असताना भर दुपारी बागेत उभं राहू नका. हवेत थांबण्याच्या कष्टाने पतंगाचं अंग आधीच तापतं, त्यामुळे तोही सावली धरून बसतो.

दिवेलागणीनंतर पांढऱ्या सुगंधी फुलांवर आला तो बहुधा वेगळाच हॉकमॉथ. कण्हेरीचा हिरवा-गुलाबी, नक्षीदार, पंखांचा पसारा 9 ते 11 सेंटीमीटर. त्यालाच लोक "रात्रीचा हमिंगबर्ड" म्हणतात.

दोघंही यावेत म्हणून एकच वेल लावायचा तर कोणता?

मधुमालती, लाल-पांढऱ्या झुबक्यांची. तिच्याजवळ एक संध्याकाळ आणि एक सकाळ थांबून पाहाच. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, सुवास दरवळतो, नळी लांब. हे आमंत्रण हॉकमॉथला. दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं, मग लाल, आणि दिवसा मधमाश्या व शिंजीर येतात. एकाच झुबक्यात तिन्ही रंग दिसतात ते तीन वयांच्या फुलांमुळे. वेल दांडगा आहे, कुंडीत कोंडू नका. जमिनीत लावून गच्चीपर्यंत चढवा. छाटणी हिवाळ्यात करा. मार्च ते जूनमध्ये छाटाल तर आत घरटं असण्याची शक्यता मोठी.

जागा नाही, फक्त गॅलरी आहे.

चार कुंड्या पुरतात: शिंजिरासाठी हमेलिया आणि लाल जास्वंद, पतंगासाठी इक्झोरा किंवा पेटुनिया, आणि चौथी अनंताची. अनंत फुलासाठी नव्हे, पानांसाठी. पारदर्शक हॉकमॉथची मादी त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर अंडी घालते. कुंडी 12 इंचांची घ्या. जास्वंद आणि हमेलियाला सहा तास ऊन हवं. अनंताला सकाळचं ऊन द्या, दुपारचं नको. इंदूरच्या बोअरचं जड पाणी अनंताला सोसत नाही, पानं पिवळी पडतात. शक्य असेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी घाला.

दुहेरी पाकळ्यांची जातिवंत जास्वंद टाळा. दिसायला झकास, पण गर्दीमुळे मकरंदापर्यंत पोचणं अवघड.

साखरपाणी टांगू का?

आमचं मत: नको. फुलं लावा. टांगायचंच असेल तर वजनाने एक भाग साखर, चार भाग पाणी. 50 ग्रॅम साखर आणि 200 मिलीलीटर पाणी. उकळून गार करा. गूळ, मध, रंग, सरबत काहीही घालू नका. मध आणि गूळ लवकर आंबतात, बुरशी धरते. उन्हाळ्यात रोज बदला आणि बाटली गरम पाण्याने ब्रशने घासा. पाणी गढूळ दिसलं म्हणजे उशीर झाला. मुंग्यांसाठी टांगणीच्या दोरीत पाणी भरलेली वाटी अडकवा. तेल किंवा ग्रीस लावू नका, ते पिसांना लागलं की निघत नाही. हॉकमॉथ अशा बाटलीकडे सहसा फिरकत नाही.

अनंताची पानं रातोरात गायब झाली. अळी कुठे आहे आणि काय करू?

आधी खाली बघा. कुंडीच्या काठावर किंवा फरशीवर मिरीएवढ्या, खाचा असलेल्या काळपट-हिरव्या लेंड्या सापडतील. त्यांच्या सरळ वर नजर न्या. अळी पानाच्या रंगाचीच असते, कडेने पांढरट रेघ आणि शेपटीवर एक शिंग. शिंग पाहून घाबरू नका, ते टोचत नाही; अंगावर खाजरे केसही नाहीत. कण्हेर, तगर किंवा सदाफुलीवर असेल आणि डोक्यामागे निळे-पांढरे डोळे दिसले, तर ती कण्हेरीच्या हॉकमॉथची.

तीन फुटी अनंतावर दोन-तीन अळ्या असतील तर राहू द्या. पानं जातील, पण मुळं धड असली की महिन्याभरात पालवी फुटते. जास्त असतील तर शेजारच्या अनंतावर हलवा. ओढून काढू नका, पाय घट्ट धरलेले असतात आणि अंग फाटतं. फांदीचा तुकडा कापून दुसऱ्या झाडावर ठेवा. झाडाची जात तीच हवी. अनंतावरची अळी गुलाबावर ठेवलीत तर ती उपाशी मरेल.

फवारणीबद्दल स्पष्टच सांगतो. इमिडाक्लोप्रिडसारखं अंतर्प्रवाही औषध पानातून मकरंदातही उतरतं. बीटी पावडर (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) "जैविक" असते, पण ती कुठल्याही अळीला मारते, हॉकमॉथच्याही. नीमतेलही निरुपद्रवी नाही. फुलपाखरांसाठी बाग आणि दर पंधरा दिवसांनी फवारणी, असं दोन्ही एकत्र चालत नाही.

शिंजिराने वाळत घालायच्या तारेवर घरटं बांधलंय. हलवू का?

हलवू नका. ते घरटं म्हणजे कोळ्याच्या जाळ्यांनी जोडलेला कचऱ्याचा लांबट बटवा: सुकी पानं, सालींचे तुकडे, अळ्यांच्या लेंड्या, आणि कडेच्या दारावर पुढे आलेलं छोटं छज्जं. आत म्हातारीच्या कापसासारखं मऊ अस्तर. लोंबणारा कचरा समजून झाडूने काढलेली घरटी नेहमी पाहायला मिळतात. एप्रिल ते जूनमध्ये कोपऱ्यातली जाळी झाडण्याआधी एकदा दार आहे का ते बघा.

मादीच बांधते, मादीच उबवते. नर भरवायला मदत करतो. अंडी बहुधा दोन, 15 ते 17 दिवसांत फुटतात, पुढे पिल्लं उडायला दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. म्हणजे कपडे दुसऱ्या तारेवर, जेमतेम महिनाभर. तार हलणार नाही याची काळजी घ्या, आडोसा देणारा वेल छाटू नका, कारण उघडं पडलेलं घरटं कावळ्याला लगेच दिसतं. फ्लॅश मारून फोटो नको. घरटं तुटून पडलं आणि पिल्लं जिवंत असली तर करवंटी किंवा छोट्या टोपलीत घरट्यासकट ठेवून त्याच जागी, त्याच उंचीवर बांधा आणि दूर व्हा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज चुकीचा आहे. पिल्लू पाळायला घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 ते करू देत नाही, आणि इतक्या लहान पिल्लाला दर थोड्या वेळाने किडे भरवणं घरी जमतही नाही.

नर स्कूटरच्या आरशावर सारखा चोच मारतो.

प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजतो. आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा. विणीचा काळ सरला की सवय जाते. पतंगाला आरशाशी काही देणंघेणं नाही.

पिवळ्या पोटावर मधोमध काळी रेघ असलेला शिंजीर दिसला. आजारी आहे?

नाही. विणीनंतर नराचा चमकदार पोशाख उतरतो, तेव्हा तो मादीसारखा पिवळा दिसतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत गडद पट्टा तेवढा उरतो. हे दिवस पावसाळ्यानंतरचे.

घरात शिरला तर?

पक्षी असेल तर आधी पंखा बंद. खोलीत अंधार करून एकच खिडकी पूर्ण उघडा, बाकीचे पडदे ओढा आणि खोलीबाहेर जा. काचेवर आपटून बधिर झाला असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, तासभर ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तासाभराने खोकं बाहेर नेऊन उघडा. तरीही उडत नसेल तर वनविभागाला किंवा पक्ष्यांच्या डॉक्टरला कळवा.

पतंग असेल तर दिवा मालवा, बाहेरचा लावा. बसला की वर मोठा ग्लास ठेवा, खालून पोस्टकार्ड सरकवा, बाहेर सोडा. चिमटीत पंख धरू नका, खवले निघतात.

पतंगाची पूड डोळ्यात गेली तर माणूस आंधळा होतो म्हणतात.

होत नाही. ती पूड म्हणजे पंखांवरचे खवले. डोळा चुरचुरला तर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका. पारदर्शक हॉकमॉथच्या पंखांवरही कोशातून निघताना राखाडी खवले असतात. पहिल्या उड्डाणातच ते झडून पंख काचेसारखे होतात.

कुंडी उपसताना तपकिरी कोश सापडला. फेकू का?

नको. हॉकमॉथची अळी खाली उतरून पाचोळ्यात किंवा भुसभुशीत मातीत कोशात जाते. बोट लावल्यावर टोक वळवळलं तर तो जिवंत आहे. दोन इंच ओलसर माती आणि वर पाचोळा असलेल्या डब्यात ठेवा, माती चिखल होऊ देऊ नका, आत एक खडबडीत काडी तिरकी उभी करा. बाहेर येणारा पतंग त्या काडीवर चढून पंख लोंबकळत ठेवतो, तेव्हाच ते पसरतात. काडी नसली आणि डब्याच्या भिंती गुळगुळीत असल्या तर पंख चुरगळलेले राहतात. तोंडाला जाळीचं कापड बांधा, डबा सावलीत ठेवा, मुंग्यांपासून दूर. उबदार दिवसांत दोन-तीन आठवडे लागतात. पतंगाऐवजी माश्या किंवा गांधीलमाशीसारखे बारीक किडे निघाले तर आधीच परजीवी लागलेला होता. तेव्हा डबा रिकामा करा आणि कुंडीतला पाचोळा मात्र तसाच राहू द्या.